रिपोर्ट नॉर्मल, तरी लेकीचं दुखणं का थांबत नाही?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात पुन्हा मांडते. मुलगी 11 वर्षांची. आठव्या वर्षी गुडघे, मनगटं आणि बोटं सुजली आणि मुलांचा संधिवात, म्हणजे जेआयए, असं निदान झालं. सूज आटोक्यात ठेवणारी मेथोट्रेक्सेटची गोळी आठवड्यातून एकदा चालू आहे. गेले सहा-सात महिने डॉक्टर म्हणतायत की सांधे शांत आहेत, ईएसआर-सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या, नॉर्मल येतायत. तरी पोरगी सकाळी उठताना रडते, आठवड्यातले दोन-तीन दिवस शाळा बुडते आणि रात्री एक वाजेपर्यंत तुम्ही तिचे पाय तेलानं चोळत बसता. सासूबाई म्हणतात नाटक आहे, कारण रंकाळ्यावर नेली की भेळ खाऊन पळत सुटते. मिस्टर म्हणतात डॉक्टर बदलूया. आणि तुम्ही विचारलंय, "दुखणं खरं आहे की मनाचं? आमचं काही चुकतंय का?"

मी इथे कोल्हापुरातच फिजिओथेरपिस्ट आहे. 22 वर्षं झाली, त्यातली बरीचशी लहान मुलांत गेली. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि औषध बदलणं माझ्या हातात नाही. पण या मुलांना मी आठवड्यातून दोनदा तास-तासभर बघते, आणि सोबत आलेल्या आईला, आजीला, मामालाही बघते. डॉक्टरांच्या दहा मिनिटांत जे दिसत नाही ते त्या तासात आपसूक दिसतं. तेवढ्या बळावर लिहितेय.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: दुखणं खरं आहे. आपल्याकडे "मनाचं" म्हटलं की "खोटं" असा अर्थ घेतात, सगळा घोळ तिथंच होतो. दुखण्याचा अभ्यास करणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं 1979 मध्ये दुखण्याची व्याख्या केली, 2020 मध्ये ती सुधारली. दोन्हींत दुखणं हा शरीराचा आणि भावनेचा मिळून एकच अनुभव मानलाय, आणि त्यासाठी आत काही बिघडलेलं असलंच पाहिजे अशी अट घातलेली नाही. तेव्हा सासूबाईंचं "नाटक" आणि मिस्टरांचं "डॉक्टर चुकतायत" ही दोन्ही उत्तरं जरा बाजूला ठेवूया. मला तुमच्या घरापुढचा प्रश्न वेगळा दिसतो. सांध्यातली सूज ओसरली, पण तीन वर्षांत त्या सुजेभोवती घराची जी घडी बसली ती अजून तशीच आहे.

पण हे म्हणण्याआधी एक खात्री करायची. ती केल्याशिवाय कुणी "टेन्शनमुळे होतंय" म्हणालं तर ऐकू नका, मी म्हणाले तरी ऐकू नका.

रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असतानाही एखादा सांधा सुजलेला असू शकतो. त्यामुळे रिपोर्टपेक्षा बोटांनी चाचपून बघणारा डॉक्टर मोठा. सकाळचा ताठरपणा बराच वेळ टिकतो का, सांधा गरम लागतो का, पूर्वी पूर्ण सरळ होणारा गुडघा आता शेवटी अडतो का, सकाळी लंगडत उठलेली पोरगी हालचाल वाढली की मोकळी होते का, ताप येतो का, यातल्या कशालाही "हो" असेल तर पुढचं वाचायचं थांबा आणि आधी संधिवाताच्या डॉक्टरांना फोन करा. डोळ्यांची स्लिट लॅम्पवरची (डोळ्याचा आतला भाग मोठा करून दाखवणाऱ्या यंत्रावरची) तपासणी ठरलेल्या वेळी चालू आहे ना, तेही बघा. या आजारात डोळ्यात आत सूज येते तेव्हा डोळा बरेचदा लालही होत नाही, दुखतही नाही.

तुमच्या मुलीचं दुखणं सकाळचं आहे, म्हणून ही तपासणी तिच्या बाबतीत जास्तच महत्त्वाची. एक सोपी गोष्ट करा. दोन आठवडे कॅलेंडरवर एवढंच लिहा: उठली किती वाजता आणि वेणी घालून, दात घासून हालचाल मोकळी झाली किती वाजता. रविवारीही लिहा. रविवारीही तेवढाच ताठरपणा असेल तर ते कॅलेंडर घेऊन डॉक्टरांकडे जा. रविवार मोकळा जात असेल तर गोष्ट वेगळ्या दिशेनं जाते. पण कृपा करून "बघ, रविवारी कसं दुखत नाही तुझं!" असं तिला ऐकवू नका. त्याचं कारण पुढे येईल.

ही खात्री मी एवढी का करायला लावते, तर एकदा मी स्वतः चुकलेय. बऱ्याच वर्षांपूर्वी 13 वर्षांचा एक मुलगा टाच दुखते म्हणून आला. तालमीचं घर, आजोबा पैलवान, चुलते पैलवान. पोरगं रोज मातीत उतरायचं. मी म्हटलं, जोर-बैठका जास्त झाल्या असतील, विश्रांती घ्या, शेक द्या. तो "जरा दुखतं" यापलीकडे बोलायचा नाही. दोन महिन्यांनी गुडघा सुजला तेव्हा कळलं की स्नायूबंध जिथं हाडाला चिकटतात तिथं सूज येणारा संधिवाताचा प्रकार होता. मुलग्यांत तो जास्त दिसतो आणि सुरुवात बरेचदा टाचेपासूनच होते. ते दोन महिने मी घालवले. त्या मुलाकडे पुन्हा येणार आहे.

आता धरून चालू की सांधे खरोखर शांत आहेत. मग दुखतं का?

तुम्ही कोल्हापूरच्या आहात, म्हणून पंचगंगेचंच उदाहरण देते. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आधी लोक 39 होईपर्यंत निवांत असायचे. 2019 ला पाणी 55 च्या वर गेलं, 2021 ला पुन्हा गेलं. आता नदीकाठच्या गल्लीतली माझी एक पेशंट पाणी 30 फुटांवर गेलं की तांदळाची पोती माडीवर चढवते. नदी 30 लाच आहे, काही धोका नाही, पण त्या घराची स्वतःची धोका पातळी 43 वरून 30 वर आलीय. त्या बाईला नाटकी म्हणायची कुणाची हिंमत आहे का? ज्याच्या घरात छातीएवढं पाणी शिरलं तो असाच वागणार.

तुमच्या मुलीच्या मज्जासंस्थेचं हेच झालंय. आठव्या वर्षी कित्येक महिने सुजलेले सांधे सोसल्यावर तिचे मेंदू-मज्जारज्जू सावध झालेत, आणि पूर आल्यावर जी घंटा वाजवायची ती आता साध्या पावसालाच वाजवतायत. घंटा खरी वाजते, कानाला खरी ऐकू येते. अशा मुलांत मग दुखणं एका सांध्यापुरतं राहत नाही, "सगळे पाय दुखतात" असं होतं. कधी नुसता हात लावलेला सहन होत नाही, झोप उडते. मुलांच्या संधिवातात सुजेचं प्रमाण आणि दुखण्याचं प्रमाण यांचा मेळ पुरता बसत नाही, ही गोष्ट या क्षेत्रातल्या लोकांना आता चांगली माहीत आहे.

धोका पातळी वर-खाली कशानं होते, ते जास्त महत्त्वाचं. झोप कमी झाली की खाली येते. भीतीनं येते. शाळेत कुणी चिडवलं, परीक्षा आली, घरात भांडण झालं की येते. अमेरिकेत संधिवाताच्या मुलांकडून महिना-दोन महिने रोज वही लिहून घेतली, तेव्हा ज्या दिवशी ताण जास्त आणि मूड खराब, त्या दिवशी दुखणंही जास्त, असं दिसलं. आणि लक्ष दुसरीकडे गेलं की पातळी वर जाते. मेल्झॅक आणि वॉल या दोन संशोधकांनी 1965 मध्ये मांडलं की मज्जारज्जूत दुखण्याच्या संदेशाला जणू एक दार असतं आणि मेंदू वरून ते कमी-जास्त उघडतो. तपशील नंतर बरेच बदलले, पण मूळ कल्पना टिकली.

तर सासूबाईंचा रंकाळ्याचा पुरावा. त्यांना सांगा, खासबागेत कुस्ती चालू असताना पैलवानाचं बोट मोडतं आणि त्याला ते कुस्ती सुटल्यावर कळतं. मग बोट मोडलं नव्हतं का? रंकाळ्यावर वारा आहे, भेळ आहे, बरोबरची पोरं आहेत, आणि "दुखतंय का गं?" असं विचारायला कुणी नाही. तिथं दार मिटतं. घरी येऊन अंथरुणावर पडलं की उघडतं. मी तर म्हणेन, रंकाळ्यावर ती पळते ही तुमच्या अख्ख्या पत्रातली सगळ्यात आशेची ओळ आहे. सांधे पळू शकतात, हे तिनं स्वतःच दाखवून दिलं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आमचं काही चुकतंय का. "चूक" हा शब्द मला आवडत नाही. आठ वर्षांच्या लेकीच्या हातातून चमचा गळून पडताना ज्या आईनं बघितलंय तिची धोका पातळीही खाली आलेली असते. पोरगी जिन्यात थबकली की तुमच्या छातीत धस्स होतं, आणि ते तुमच्या चेहऱ्यावर तिला दिसतं. मुलं आपलं दुखणं किती गंभीर आहे हे आधी आईच्या चेहऱ्यावर वाचतात.

माझ्याकडे रोज घडणारी एक गोष्ट सांगते. मूल समोर बसलेलं असतं. मी मुलाकडे बघून विचारते, "काय म्हणतोय गुडघा?" उत्तर आईकडून येतं: "कालपासून खूप दुखतंय हो तिला." मूल आधी आईकडे बघतं, मग गुडघ्याकडे, मग त्याचा हात गुडघ्यावर जातो. हात आधी तिथं नव्हता. हे मी इतक्यांदा बघितलंय की आता पहिल्या दिवशी मी आईला बाहेरच्या बाकावर बसवते आणि मुलाला माझी टेबलं आवरायला लावते. पुठ्ठ्याचे डबे उचल, चेंडू गोळा कर, वरच्या फळीवर ठेव. सांध्यांबद्दल मला जे कळायचं ते त्या दहा मिनिटांत कळतं, आणि तेवढ्यात मूल "दुखतंय" म्हणालं तर ते त्याचं स्वतःचं वाक्य असतं.

2006 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी पालकांना नेहमी सांगते. तो पोटदुखीच्या मुलांवरचा आहे, संधिवाताचा नाही, म्हणून जपूनच वापरायचा. मुलांना पोट तडस लागेपर्यंत पाणी प्यायला दिलं. मग काही पालकांना सांगितलं, मुलाच्या त्रासाकडे लक्ष द्या, विचारपूस करा. काहींना सांगितलं, विषय बदला, दुसरीकडे रमवा. विचारपूस झालेल्या मुलांच्या तक्रारी जवळपास दुप्पट झाल्या, रमवलेल्यांच्या जवळपास निम्म्यावर आल्या. मला खरी गंमत पुढं वाटते. पालकांना वाटत होतं की विषय बदलला तर मुलाला वाईट वाटेल, आणि दुखण्याची सवय असलेली मुलं मात्र म्हणाली, त्यानंच बरं वाटलं. म्हणजे माया आणि विचारपूस ही एकच गोष्ट आहे असं आपण मोठी माणसं समजतो, पोरं तसं समजत नाहीत.

याचा अर्थ दुर्लक्ष करायचं असा काढू नका. तालमीच्या घरातला तो मुलगा आठवा. तिथं "रडतोस काय बायकांसारखं" हे वाक्य होतं (मला भयंकर राग येणारं, पण होतं). तो दुखणं लपवायचा, रात्री उशी चावून झोपायचा, हे त्याच्या आईनं मला फार उशिरा सांगितलं. आजार शांत झाल्यावरही त्याचं दुखणं लवकर गेलं नाही, कारण दाबून धरलेल्या भीतीनंही धोका पातळी खालीच राहते. जिथं दुखण्याला दिवसभर आरती ओवाळली जाते आणि जिथं दुखण्याला जागाच नाही, अशा दोन्ही घरांतली मुलं माझ्याकडे सारखीच अडकून पडलेली येतात. तुमच्या एका घरात तर दोन्ही प्रकार आहेत: तुम्ही चोळताय आणि सासूबाई नाटक म्हणतायत. पोरीच्या बाजूनं विचार करा. आजीनं नाटक म्हटलं की तिला सिद्ध करावं लागतं. सिद्ध करायचं एकच साधन तिच्याकडे आहे, जास्त दुखणं. म्हणून रविवारचा टोमणा नको म्हटलं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे फार चालते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. ती म्हणजे भाकितं. "दही खाल्लंस ना, आता बघ रात्री." "आभाळ आलंय, हिचे पाय धरणार." "टोमॅटो नको, चिंच नको, लिंबू नको." एका घरात तर पोराला आमटीतला आमसूलसुद्धा वर्ज्य होता. आंबट खाल्ल्यानं या संधिवाताची सूज वाढते याला काही आधार नाही. पण सकाळी दही खाल्लेलं पोर रात्रीपर्यंत आपल्या गुडघ्याची वाट बघत बसतं, आणि वाट बघितली की दुखणं येतंच. वर ते आपल्या चुकीमुळं आलं ही टोचणी वेगळी. दही खाऊ द्या. पाऊस पडू द्या. आपल्याकडे तो चार महिने पडतो, चार महिने पोरीनं घाबरून काढायचे का?

तशीच पोरीसमोरची बोलणी. "पोरीची जात, पुढं लग्नाचं कसं व्हायचं." "म्हाताऱ्यांचा रोग हिला कुठनं लागला." "पुण्याच्या फेऱ्यांनी कंबर मोडली." स्वयंपाकघरात हळू बोललेलं हॉलमध्ये नीट ऐकू येतं, आणि 11 वर्षांच्या मुलीला तर सगळंच ऐकू येतं. मग तिच्या मनात ओळ तयार होते: आता माझं काही खरं नाही. दुखणं येऊन जातं, ही ओळ जात नाही, आणि ही ओळ मनात घोळवत असलेल्या मुलाला तेच दुखणं जास्त बोचतं. नातेवाइकांपासून, शाळेपासून आजार लपवून ठेवणारी घरंही मी पुष्कळ बघते. लपवायची गोष्ट म्हणजे लाजेची गोष्ट, एवढं मुलांना न सांगता कळतं.

बरं, करायचं काय. सगळं एकदम करू नका, एका वेळी एक.

पहिलं, दिवसभर "दुखतंय का?" विचारणं बंद. दुखण्याची चौकशी दिवसातून एकदा, ठरलेल्या वेळी, दोन मिनिटं, तीही "आज काय जमलं, काय अडलं?" अशी. आधीमधी ती स्वतःहून "दुखतंय" म्हणाली तर झिडकारायचं नाही, विषय ताणायचाही नाही. "हो गं, आज त्रास देतंय वाटतं. चल, शेक घे आणि मग मला शेंगा सोलू लाग." एवढंच. यातला "हो गं" अजिबात गाळायचा नाही. तो गाळला की तुमचं वाक्य आजीच्या वाक्यासारखं ऐकू येतं.

दुसरं, सकाळ. दहा मिनिटं आधी उठवा, अंथरुणातच पाय-मनगटं हलवायला लावा, मग कोमट पाण्यानं अंघोळ. शाळेत जायचं की नाही हा प्रश्न सकाळी उघडायचाच नाही. तो आदल्या रात्री, शांत असताना ठरलेला असावा: ताप नाही, सांधा सुजलेला नाही, तर शाळा. फार त्रास असेल तर उशिरा जायचं, पण जायचं. घरी राहिलीच तर ते आजारपण असावं, सुट्टी नसावी: टीव्ही नाही, मोबाइल नाही, आईची दिवसभर कुशी नाही. हे लिहिताना मलाही कठोर वाटतं. पण शाळा बुडण्याचं चक्र मला दुखण्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतं. अभ्यास मागे पडतो, मैत्रिणी सुटतात, परत जायची भीती वाढते आणि त्या भीतीनं सकाळचं दुखणं वाढतं. वर्गशिक्षकांना जाऊन भेटा. तळमजल्यावरचा वर्ग, पुस्तकांचा एक संच शाळेतच ठेवणं, तासाला एकदा उठून पाय मोकळे करायची मुभा, बोटं थकली तर लिहायला थोडा जास्त वेळ. माझा अनुभव असा की आईनं एकटीनं जाऊन विनवण्या करण्यापेक्षा आई-वडिलांनी डॉक्टरांचं पत्र घेऊन जोडीनं गेलं की काम लवकर होतं.

तिसरं, मापानं खेळणं. आपल्याकडे काय होतं, बरं वाटलं त्या दिवशी लग्नाच्या वरातीत तीन तास नाचायचं आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. मग घर म्हणतं, "बघ, नाचलीस म्हणून." मी मुलांना मिनिटं बांधून देते. समजा 15 मिनिटं सायकल. चांगल्या दिवशीही 15 आणि वाईट दिवशीही 15. दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवायची. वाईट दिवशी थोडं करणं जेवढं अवघड, तेवढंच चांगल्या दिवशी थांबणं अवघड, आणि पोरं दुसऱ्यावरच जास्त भांडतात. रंकाळ्याच्या फेऱ्या बक्षीस म्हणून ठेवू नका, औषध म्हणून ठेवा, ठरलेल्या वारी.

गोळीच्या दिवसाबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय की शनिवारी सकाळपासूनच तिला उलटीसारखं होतं. हेही पुष्कळांना होतं. मेथोट्रेक्सेटनं मळमळतं, मग गोळी नुसती दिसली की मळमळतं, पुढं पिवळा रंग दिसला तरी. मेंदू किती पटकन शिकतो त्याचंच हे उदाहरण. डॉक्टरांना सांगा. रात्री झोपताना देणं, फोलिक ॲसिड (या गोळीचा त्रास कमी करायला सोबत देतात ते जीवनसत्त्व) नीट चालू ठेवणं, गोळीऐवजी इंजेक्शन, असे मार्ग आहेत. पण गोळी स्वतःच्या मनानं बंद करू नका. सांधे शांत आहेत ते तिच्यामुळंच. आणि ती आठवड्यातून एकदाच, रोज नाही, हे घरात सगळ्यांना पाठ हवं. चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेततं.

धाकटा भाऊ आहे म्हणालात. त्याच्याकडेही लक्ष ठेवा. माझ्याकडच्या एका मुलीच्या भावानं एकदा मला गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, "मॅडम, माझं काय दुखलं तर आई माझ्याजवळ झोपेल?"

मानसोपचाराचं काय? जागतिक आरोग्य संघटनेनं 2020 मध्ये मुलांच्या जुनाट दुखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत व्यायाम, मानसिक उपचार आणि औषधं या तिन्हींना जागा आहे. मानसिक उपचार म्हणजे पोरगी वेडी असं नाही. "आता माझं काही खरं नाही" ही ओळ पकडायला शिकणं, श्वास, स्नायू सैल सोडणं, भीती असूनही पायरी-पायरीनं गोष्टी करणं, हे काम आहे. कुणाला ते लागतं, कुणाला घरातल्या बदलांनीच भागतं. शाळा महिनाभर सलग बुडाली, झोप पार उडाली, हसणं-खेळणं थांबलं, तर वाट न बघता क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे जा. "मला जगायचंच नाही" असं काही बोलली तर त्याच दिवशी. जवळ कुणी नसेल तर टेलिमानस ही सरकारी फोनसेवा 14416 वर आहे. आणि ताई, तुमची स्वतःची झोप दोन-तीन वर्षं झालेली नाही असं दिसतंय. तुमच्यासाठीही तिथं बोलता येईल.

किती दिवसांत फरक पडेल? हे मुलावर, घरावर, आजार किती काळ शांत राहतो त्यावर आहे. माझ्याकडची काही पोरं दोन महिन्यांत शाळेला लागली, काहींना वर्ष लागलं. पहिले दोन आठवडे बहुधा जास्तच वाईट जातात. विचारपूस कमी झाली की पोर आधी आवाज वाढवतं. बहुतेक घरं तिथंच माघार घेतात. म्हणून सुरुवात करण्याआधी घरातल्या तिघा मोठ्यांनी एकत्र बसून एकच वाक्य ठरवा. मिस्टरांना डॉक्टर बदलायचेच असतील तर दुसऱ्या संधिवाततज्ज्ञाचं मत एकदा जरूर घ्या, त्यात वावगं काही नाही. पण दर चार महिन्यांनी नवा डॉक्टर, नवा एमआरआय, असं झालं की पोरीला एकच गोष्ट कळते, काहीतरी भयंकर आहे आणि ते कुणालाच सापडत नाहीये. आणि सासूबाईंना विरोधक करू नका, काम द्या. नातीला भाकरी थापायला शिकवणं हा मनगटाचा आणि बोटांचा इतका छान व्यायाम आहे की माझ्या टेबलावर तसा एकही नाही.

राहिलं रात्रीचं तेल. ते बंद करू नका. ते तुमचं दोघींचं आहे आणि गरम हाताच्या चोळण्यानं खरंच बरं वाटतं. फक्त त्याची वेळ बदला. आता ते दुखण्याच्या बदल्यात मिळतंय: जास्त दुखलं तर जास्त वेळ आई. उद्यापासून रात्री साडेआठला, दुखत असो वा नसो, रोज 15 मिनिटं. त्या वेळात सांध्यांचा विषय काढायचा नाही, शाळेतल्या गमती, मैत्रिणींची भांडणं, काहीही. नऊला दिवा बंद. रात्री उठून हाक मारली तर जायचं, पांघरूण सारखं करायचं, शेकायची पिशवी द्यायची आणि परत आपल्या अंथरुणात. आणि आठवड्यातले दोन दिवस तेलाची वाटी मिस्टरांच्या हातात द्या. सुरुवातीला ती "बाबांना येत नाही" म्हणेल. खरंच येत नसणार. दोन शनिवार-रविवार गेले की येतं.